दहावा ठोका

हेमांगी कुबलचा नेम साधा होता. बेटावरून नऊ ठोके परत आल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. पाणी चालेल, चहा नाही.

खारपुळणच्या किनाऱ्यावर, सातेरीच्या देवळाच्या जागेत, काळ्या कातळाचा एक चौथरा होता. रोज सकाळी सहा चाळीसला ती चपला बाजूला काढून त्याच्यासमोर उभी राही, खाली लोखंडी कडं बसवलेलं मुसळ दोन्ही हातांनी उचली आणि चौथऱ्यावर नऊ वेळा आपटी. मग पलीकडच्या सागरश्रवण केंद्रात, आपल्या नोकरीच्या जागी, जाऊन पडद्यासमोर बसे. दोनेक मिनिटांत साडेचार हजार किलोमीटरवरून उत्तर येई. नऊ बारीक उभ्या रेघा. तिकडे, सेलवां बेटावर, ओदेत सकाराम नावाच्या बाईने आपल्या चौथऱ्यावर लोखंडी पहार आपटलेली असे. रेघा मोजून झाल्या की हेमांगी पडद्याला हात जोडी आणि म्हणे, "पास्कू, आण चहा."

पास्कू फर्नांडिस हा केंद्राचा जुना तंत्रज्ञ. अठरा वर्षं तो हे बघत होता. "बाय, आमचो पाद्रीसुद्धा इतको कडक नाय," असं तो महिन्यातून एकदा तरी म्हणे.

गावाला वाटे, ठोके म्हणजे बाईंचं काहीतरी देवाधर्माचं. पण त्यात देव जेवढा होता तेवढंच शास्त्रही होतं. चौथऱ्याखालून एक तार समुद्रात उतरत होती आणि थेट सेलवांच्या किनाऱ्यावर निघत होती. तारेच्या पोटात केसाएवढी काच. त्या काचेत एका टोकाने प्रकाशाचे ठिपके सोडायचे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात कणभर उणीव राहतेच. त्या उणिवांवर आपटून थोडासा प्रकाश माघारी येतो. समुद्राच्या तळाशी कुठे काही हललं की तिथली काच डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकी ताणली जाते, आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे दर दहा मीटरवर एक कान, असे साडेचार लाख कान. भूकंप ऐकणारे, देवमासे ऐकणारे, आणि किनाऱ्याजवळ तर रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचं पाऊलही ऐकणारे.

फक्त एक अडचण होती. तळाची वाळू सरकते, तिच्याबरोबर तारही. कुठला कान नेमका कुठे आहे हे रोज नव्याने जुळवावं लागतं, आणि त्यासाठी ठाऊक असलेल्या जागी, ठाऊक असलेल्या वेळी केलेला आवाज हवा. म्हणून ठोके. आधी इकडून, ते ऐकू आले की तिकडून.

*

करार तीन देशांचा होता. पहिला मोठा मित्र, दूरचा आणि बलाढ्य आरमाराचा. मधले आपण. धाकटं सेलवां, चार बेटांचं प्रजासत्ताक. तार तिघांनी मिळून टाकली, पण माघारी आलेला प्रकाश वाचणारं यंत्र मोठ्या मित्राचं होतं. तार भूकंप ऐकते तशी पाणबुडीही ऐकते. तेव्हा मोठा मित्र सगळा नाद आधी स्वतःकडे घेई, त्यातून आपल्या बोटींचे आवाज धुऊन काढी आणि उरलेलं धाकट्यांना देई. या धुण्याला एकोणीस मिनिटं लागत.

अठरा वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात उत्तरेकडे समुद्राखालची जमीन खचली. खारपुळणच्या वाळूत त्या वेळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. चाळीस माणसं दोर ओढत होती. हेमांगीचे वडील, नाना, दोराच्या पहिल्या टोकाला होते. इशारा आला तेव्हा लाट येऊन गेली होती. अकरा माणसं गेली. नंतर हिशेब निघाला: नाद वेळेवर मिळाला असता तर त्या लोकांना देवळाच्या टेकडीवर जायला चौदा मिनिटं मिळाली असती. टेकडी सहा मिनिटांवर आहे.

हेमांगीने नेम धरला तो तेराव्यानंतर. आणि बावीस वर्षांचा तिचा भाऊ दिगंबर त्याच चौथऱ्याजवळ म्हणाला होता, "ताई, हे यंत्र एक दिवस आपल्या हातात आणतो की नाही बघ."

त्याने आणलं. सहा वर्षांपूर्वी मोठ्या मित्राला घरच्या भांडणांनी घेरलं, त्याने करारातून अंग काढलं आणि जाताना यंत्र नेलं. दिगंबर तोवर मंत्रालयात पोचला होता. आपल्या मुलांनी बनवलेलं, त्याहून तीक्ष्ण यंत्र खारपुळणला बसलं. दिगंबर कुबल सागरश्रवण विभागाचा संचालक झाला. आपण थोरले झालो. सेलवांकडे यंत्र नव्हतं. त्यांच्या पडद्यावर आपण पाठवू ते उमटायचं. तेव्हापासून आपण सगळं पाठवलं, जसंच्या तसं, त्याच क्षणी. हेमांगीला त्याचा फार अभिमान होता.

*

मग एका मंगळवारी उत्तर आलं नाही.

सातपर्यंत तिने वाट पाहिली. ओदेत कधी चुकत नसे. तिचा खापरपणजोबा सखाराम याच किनाऱ्यावरून उसाच्या मळ्यात मजुरीला गेलेला. तिथल्या कारकुनाने कागदावर सकाराम लिहिलं आणि तेच घराण्याचं आडनाव झालं. घरातली मराठी मात्र त्याच्या वेळची तशीच राहिली, थोडी फ्रेंच मिसळून.

हेमांगीने फोन लावला. "काय गं, आज झोप लागली वाटतं?"

"माका? मों द्यो, देवा रे, ताय! मी पाच धापासून पहार घेवन काळोखात हुबी! तूच ठोके देवक नाय."

"मी नऊ दिले."

"माज्याकडे नाय इले. काल सांजेक बावीस मिनिटां पडदो कोरो. मगे निसता पाणी. देवमासोसुद्धा नाय."

हेमांगीने फोन ठेवला आणि पास्कूकडे पाहिलं. तो आधीच यंत्राची नोंद उघडून बसला होता.

"काल संध्याकाळी दिल्लीसून काय तरी चढवलानी," तो म्हणाला. "गाळणी. सेलवांक जाता ता सगळा आधी गाळूचा. माणसान केलेलो आवाज काढून टाकूचो. बोट, सुरुंग, बोटीसारखो वाटलो तर देवमासोसुद्धा... बाय, तुमचो ठोकोसुद्धा माणसानच केलेलो ना? तोय गेलो."

"आणि वेळ?"

"बावीस मिनिटां."

"त्यांची एकोणीस होती," हेमांगी म्हणाली.

पास्कू चहा घेऊन आला. तिने मान हलवली. कप तो स्वतःच प्यायला, पण तिच्याकडे पाठ करून.

*

"दिगू, गाळणी तू लावलीस?"

"ताई, ऑफिसच्या लाइनवर दिगू नको."

"बरं. संचालक साहेब, गाळणी तुम्ही लावलीत?"

दिगंबरने उसासा टाकला. "सेलवांने नवं बंदर कुणाच्या बोटींना दिलंय ते वाचतेस ना पेपरात? आपण त्यांच्या पडद्यावर सकाळी जे पाठवतो ते संध्याकाळी तिसऱ्याच्याच टेबलावर असतं. आपल्या बोटी कुठे आहेत हे मी जगाला सांगत बसू?"

"मग त्यांच्याशी भांड. बैठक बोलव, टेबलावर हात आपट. कान कशाला कापतोस?"

"कान कुठे कापले? धोका असला तर इशारा आपण देऊच. आपलं यंत्र त्यांच्यापेक्षा हुशार आहे."

"मोठा मित्रही हेच म्हणायचा."

"ते परके होते, ताई."

"आणि ओदेतला आपण कोण?"

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"सासूने जाच केला म्हणून सून रडली," हेमांगी हळूच म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे; तो आणखी खाली उतरला की भावाला धडकी भरे. "रडली ते खरंच होतं. पण घराच्या किल्ल्या कमरेला आल्यावर पहिल्या दिवशी तिने काय केलं, तर धाकट्या जावेचं ताट झाकून ठेवलं. मला हे बघायचं नव्हतं, दिगू."

"तू जेवलीस का?"

"ठोके आले नाहीत."

"ताई, हा वेडेपणा आहे."

"असेल."

इकडे तीन दिवस गेले, तिकडे सेलवांचं डोकं फिरलं. त्यांच्या संसदेत भाषणं झाली, आपल्या वकिलातीसमोर लोक रिकाम्या ताटल्या वाजवत उभे राहिले. धाकट्याला राग आला की तो स्वतःचंच काहीतरी मोडतो. त्यांनी कायदा केला: यापुढे बेटावरचा भोंगा फक्त सेलवांच्या पडद्यावर सेलवांच्या माणसाने स्वतः पाहिलेल्या नादावर वाजेल, भारताच्या फोनवर, निरोपावर, पत्रावर नाही.

"म्हणजे आता मी ओरडून सांगितलं तरी तू भोंगा वाजवायचा नाहीस?" हेमांगीने विचारलं.

"वाजयलंय तर माका तुरुंग," ओदेत म्हणाली. "ताय, तुमचे येडे नि आमचे येडे, दोघांका एका पोत्यात घालून बडवूक व्हया."

चौथ्या दिवशी दिगंबर स्वतः आला. सूट घातलेलाच. बहिणीचे सुकलेले ओठ बघून त्याने कोट काढला, तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उकड्या तांदळाची पेज टाकली आणि तिच्याकडे पाठ करून चुलीसमोर उभा राहिला.

"ऐक. गाळणी मी काढू शकत नाही, ती माझ्या वरून आली आहे. पण ठोक्यांपुरती वाट देतो. चौथऱ्यावर ठोका पडला की यंत्र गाळणी उघडेल आणि सगळं जसंच्या तसं जाईल. शेवटच्या ठोक्यानंतर चाळीस सेकंदांनी बंद. सकाळची दोन मिनिटं. त्यात कोण काय ऐकणार आहे? मिटला तुझा नेम?"

"लेखी दे."

"देतो."

"पुरवणी तीनच्या आधाराने, असं लिही."

"काय आहे पुरवणी तीनमध्ये?"

"ठोक्यांचे नियम. आम्हीच केलेले, लाटेनंतर. ओदेत, मी आणि मोठ्या मित्राचा एक भला इंजिनिअर."

"लिहितो, लिहितो." पेज उतू जात होती; तो पळीने फेस खाली करण्यात गुंतला. पुरवणी कोण वाचतं? मंत्र्यांच्या सह्या मूळ करारावर असतात. पुरवण्या म्हणजे पंप कधी साफ करायचा, तेल कुठलं घालायचं.

दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला तिने ठोके दिले. नऊ रेघा आल्या. दिगंबरने स्वतः पेजेचा वाडगा तिच्या हातात दिला आणि ती प्यायली. त्या सकाळी दोघं भावंडं नानांबद्दल पुष्कळ बोलली. गाळणीबद्दल कोणी बोललं नाही.

*

एकोणीस दिवसांनी, सकाळचे नऊ सत्तेचाळीस झाले होते. सेलवांत सव्वाआठ, पोरं शाळेच्या वाटेवर.

पडद्याच्या उजव्या टोकाला, बेटापासून दोनशे किलोमीटरवर, एक गाठ उमटली. यंत्राने तत्काळ वाचली: पाच पूर्णांक नऊ. मध्यम. लाटेचा धोका नाही. दिल्लीचा हिरवा दिवा लागला.

"बारको हा," पास्कू म्हणाला.

हेमांगी पडद्याजवळ सरकली. गाठ सरली होती, पण तिच्या मागे काहीतरी उरलं होतं. रेघ नव्हे, डाग. जात्यावर दळण पडावं तशी सलग, खोल घरघर.

"हे काय?"

"गाळ काढणारी बोट आसात."

"किंवा उतार सुटलाय," ती म्हणाली. समुद्राखाली डोंगर असतात, त्यांच्या कडेवर गाळाचे थर असतात. लहानसा धक्काही कधी अख्खी कड खाली ओढतो. भूकंप बारका, लाट मोठी. यंत्र भूकंप मोजतं. सुटलेला उतार त्याला कळत नाही. तो ओळखायला त्या उताराची रोजची कुरकूर कानात असलेलं माणूस लागतं. असं माणूस जगात एकच होतं, ओदेत, आणि तिच्या पडद्यावर आत्ता यातलं काहीच नव्हतं. बावीस मिनिटं असणार नव्हतं. उतार असेल तर लाट एकतीस मिनिटांत. सेलवांचं बंदरगाव खाली, डोंगर मागे. चढायला वीस लागतात.

तिने फोन लावला. "ओदेत, पडद्याकडे बघ. आणि बघतच राहा."

"पडद्यार निसता पाणी आसा गो."

"आता नसेल."

ती चपला न घालता धावली. सत्तावन्न वर्षांची बाई, गुडघा दुखरा. मुसळ चौथऱ्याला टेकलेलंच होतं.

एक. दोन. तीन.

नऊ झाले. ती थांबली नाही.

दहावा ठोका पडला, अकरावा, बारावा. पास्कू दोन फोन हातांत घेऊन वाळूतून धडपडत आला. "बाय! ओदेत म्हणता दिसता! सगळा दिसता! पण अजून कळणा नाय. ती म्हणता थांबू नको, शेवटपर्यंत ऐकूचा लागात!"

घरघर कुठवर सरकते ते ऐकल्याशिवाय बोट की उतार हे ठरणार नव्हतं. हेमांगी आपटत राहिली. दुसरा फोन वाजला. पास्कूने तो तिच्या कानाशी धरला.

"ताई, हे काय चाललंय? गाळणी उघडी आहे!"

"चाचणी चालू आहे."

"आत्ता? ताई, थांब. ताबडतोब थांब. त्या भागात आत्ता... मला फोनवर बोलता येत नाही. तू काय उघडं करते आहेस तुला माहीत नाही!"

"पाणबुडी," ती धापेतून म्हणाली. "ती हलवता येते. बेट हलवता येत नाही."

"मी हुकूम देतोय!"

"पुरवणी तीन, दिगू. ठोका चालू असेतोवर कुणीही नाद अडवायचा नाही. ठोकणारा म्हणेल तेव्हाच चाचणी संपली. आणि तोवर यंत्राला कुणी हात लावायचा नाही. तूच सही केलीस."

"ताई..."

"एकोणीस मिनिटं," ती म्हणाली. "नानांच्या हातात दोर होता."

 त्याने फोन ठेवला नाही, पण हुकूमही पुन्हा दिला नाही.

सातव्या मिनिटाला तिचे दंड भरून आले. मुसळ वर जाईना. पास्कूने फोन वाळूत टाकले, पडत्या ठोक्याच्या मागोमाग हात घातला आणि पुढचा ठोका त्याने मारला. मध्ये श्वासाएवढीही फट पडली नाही. वाळूतल्या फोनमधून ओदेतची किंकाळी आली.

"उतार! ताय, उतार सुटलो! मी भोंगो वाजवतंय!"

पास्कू आपटत राहिला. हेमांगी केंद्राकडे गेली, पडद्यासमोर उभी राहिली. पडद्याच्या अगदी उजव्या कडेला, जिथे तार बेटाच्या रस्त्याखालून जाते, तिथे बारीक बारीक ठिपके उमटू लागले होते. आधी चारदोन. मग शेकडो. मग इतके, की कड काळी झाली. पावलं होती ती. माणसं धावत होती आणि ठिपके सगळे एकाच बाजूला सरकत होते. डोंगराकडे.

तिने हात जोडले. 

*

बंदराचा धक्का गेला, चारशे घरं गेली. माणूस एक गेला, होडी सोडायला तयार नसलेला एक म्हातारा. ओदेतने त्याचं नाव सांगितलं आणि हेमांगीने ते संध्याकाळी देवापुढे घेतलं.

मंत्रालयाचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. आधी एका ओळीत कौतुक, मग दीड पानाची चौकशी. सुरक्षेचा भंग. केंद्रात प्रवेश बंद. आणि शेवटी: उद्याची सकाळची ठोकाचाचणी संपताच गाळणीतली वाट कायमची काढण्यात येईल. संचालक स्वतः हजर राहतील.

हेमांगीने पत्र दोनदा वाचलं. "संपताच," ती म्हणाली. मग डोक्यावरून पदर घेऊन रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके, आबा मोर्जे यांच्या घरी गेली. ओसरीवर बसून तिने त्यांना एकच गोष्ट विचारली.

"आबा, श्रावणातल्या सप्ताहाचे पहारे कोण लावतं?"

आबांनी पानाची पिंक टाकली. "मीच लावतंय. कित्याक गो?"

सातेरीच्या देवळात श्रावणात सात दिवस भजन उभं राहतं. दर तीन तासांनी वाडी बदलते, पण टाळ थांबत नाही; जाणाऱ्याच्या हातातला टाळ येणारा वाजता वाजताच घेतो. शंभर वर्षांत तो एकदाही जमिनीला लागलेला नाही, पुरातसुद्धा नाही.

तिने सगळं समजावलं. आबांनी ऐकता ऐकता नवं पान लावलं. मग म्हणाले, "देव खय आसा ह्या सप्ताहात?"

"चौथऱ्याखाली," हेमांगी म्हणाली. "ऐकतोय."

चौथरा केंद्राच्या कुंपणाबाहेर होता. देवळाच्या जमिनीत, रापणीच्या वाटेवर. कुंपण घालायला गावाने तेव्हाच नकार दिला होता.

सकाळी दिगंबर आला. हातात हुकमाचा लिफाफा. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "नऊ होऊ देत. मग मी पुढचं करतो."

सहा चाळीस. हेमांगीने नऊ ठोके दिले.

मग दहावा दिला.

दिगंबरने मान वर केली. अकरावा पडला, बारावा पडला, आणि वरच्या माडांतून कुबलवाडीची माणसं उतरली. पहिल्याने हात पुढे केला, ठोक्यामागे ठोका घालत मुसळ घेतलं. मागे बायका, कमरेला पदर खोचून, आपल्या पाळीची वाट बघत. देवळाच्या खांबावर आबांच्या अक्षरात पाळ्यांचा कागद चिकटवला होता: कुबलवाडी, मोर्जेवाडी, किरिस्तांववाडी. सातव्या दिवसाच्या खाली लिहिलं होतं: पुन्हा पहिल्यापासून.

"ताई, हे काय आहे?"

"चाचणी."

"कधी संपणार?"

"संपली की कळवीन." ती वाळूत बसली होती, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून. "बस. पेज आणलीय."

"तुला कळतंय का काय होईल? माझी नोकरी जाईल. तुझी तर गेलीच आहे. वरचे पोलीस पाठवतील."

"पाठवू देत. ठोकणाऱ्याला अडवलं तर करार मोडला. आणि करार मोडला की सेलवांच्या टोकाची तारही गेली, तिकडचा समुद्र आपल्यालाही ऐकू येणार नाही. हे तुझ्या वरच्यांना माहीत आहे का? नसेल तर सांग. पुरवणी वाचून सांग."

"किती दिवस चालवणार?"

"लाट आली तेव्हा तू मला काय म्हणाला होतास आठवतं? यंत्र आपल्या हातात आणतो. मी तेव्हा विचारायला विसरले, दिगू, आणून करणार काय. आता विचारते. उत्तर मिळेतोवर."

तो उभाच राहिला. उन्हं चढली. ठोके पडत होते, एकसारखे, जसा सप्ताहात टाळ. मोर्जेवाडीची पाळी सुरू झाली. आबा स्वतः आपटत होते. पंचाहत्तरीचा म्हातारा, पण ठोका खणखणीत. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी शेजारी कोण आहे हेही पाहिलं नाही. मुसळ तसंच दिगंबरच्या छातीकडे सरकवलं.

"धर रे."

"मी? आबा, मी इथे..."

"रापणीत कोणी बघूक हुबो रवता काय? हुबो रवलो तो दोर धरतलो. तुज्या बापाशीन तुका इतक्याय शिकवक नाय?"

गाळणी बंद व्हायला चाळीस सेकंद, आणि ते फार नसतात. दिगंबरने हातातल्या लिफाफ्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. सगळ्यांचे हात आपोआप पुढे आलेले, पण कोणी मुसळ घेतलं नाही. हेमांगीही उठली नाही. आबा खोकत होते.

त्याने लिफाफा खाली ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बुटाचा पाय दिला, आणि मुसळ उचललं.

पहिला ठोका वेडावाकडा पडला. दुसरा कडेला लागला.

हेमांगीच्या मांडीवरचा फोन वाजला.

"ताय, सगळा दिसता. देवमासोसुद्धा," ओदेत म्हणाली. "पण आता ह्यो कोण गो ठोकता? अगदीच नवखो वाटता."

"माझा भाऊ," हेमांगी म्हणाली. "शिकतोय."